हमीदाआपानं मला नाव सांगितलं नाही

हमीदाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, माझ्या लेकीच्या, कल्याणीच्या खोलीवर मेथी निवडत बसले होते. फोन रुबीनाचा, आपाच्या सुनेचा. "मावशी, अम्मी गेल्या. सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या, आणि उठल्याच नाहीत." अशा वेळी बाईमाणसानं डोळ्याला पदर लावावा. मी विचारलं, "चहा कोणी केला होता?" रुबीना बिचारी म्हणाली, "मीच." माझा स्वभावच असला, त्याला आता इलाज नाही. आमचे हे म्हणतात, ही देवाच्या नैवेद्यातसुद्धा खडा शोधेल. सत्तरीच्या बाईचं हृदय असं बसल्या जागी थांबू शकतं, डॉक्टरही तेच म्हणाले, मला सगळं कळत होतं. पण जिनं आमच्या जळगावच्या गल्लीत भल्याभल्यांची झोप उडवली, ती स्वतः अशी झोपेत, कोणाला काही न सांगता निघून जाते... ते पटायला मला फार दिवस लागले. तिचा चाळिसावा दिवस झाला, म्हणून आता लिहायला बसले आहे.

दुसऱ्या दिवशी कल्याणीला घेऊन एसटीनं जळगावला आले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळली आणि पहिलं काय दिसलं, तर फलक. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली आपाचं नाव, आणि त्याच्या खाली हात जोडलेले आमचे थोरले दीर. गल्ली त्यांना नाना म्हणते. आपाचा फोटो रुबीनानं लावू दिला नव्हता, त्यामुळे फलकावर नानाच एकटे, पांढऱ्याशुभ्र शर्टात, दुःखी चेहरा करून. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या माणसानं वर्षभर 'त्या बाईची सावली आपल्या उंबऱ्यावर पडता कामा नये' म्हणून घराघरात सांगितलं, त्याला एकाएकी एवढा उमाळा कशाचा? मी कल्याणीकडे पाहिलं. तिनं फलक वाचला, रिक्षावाल्याला पैसे दिले आणि पिशवी उचलून चालू लागली. ती पोर लहानपणापासून अशीच, तोंडावर काही दिसू देईल तर शपथ. आणि त्या शपथेचीच ही सगळी गोष्ट आहे.

आपा मणियार. बांगड्या भरायची. नवरा गेल्यावर त्यांचं दुकान दिरांनी घेतलं आणि तिच्याकडे उरली ती खांद्यावरची पिशवी. त्या पिशवीवर तिनं दोन पोरं वाढवली, लग्नं केली. तिचं माहेर धुळ्याकडचं, माझंही धुळ्याकडचं, म्हणून ती माझ्याशी अहिराणी बोलायची. घरात हिंदी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि राग आला की तिन्ही एकदम. मी लग्न होऊन आले त्या वर्षी ती पहिल्यांदा आमच्या ओसरीवर बसली. मी हात पुढं केला खरा, पण नजर तिच्या बोटांवर. म्हटलं, ही बाई गप्पांत गुंतवून एखादी तडकलेली बांगडी चढवून देईल. तिनं ते ओळखलं. माझा हात तसाच धरून म्हणाली, "मी चोर शे का वं माय? तुना डोया मना हातवर, मंग बांगडी जाई कशी?" म्हणजे तुझा डोळा माझ्या हातावर, मग बांगडी जाणार कशी. आणि गुणगुणायला लागली. ती बांगड्या भरताना नेहमी गायची. गाण्याकडे लक्ष गेलं की मनगट दुखलेलं कळत नाही, असं तिचं म्हणणं. मला मात्र वाटायचं, ही गाते म्हणजे काहीतरी लपवते.

पुढं मी शिलाई मशीन घेतलं, ब्लाऊज, पंजाबी ड्रेस शिवायला लागले, आणि गल्लीतल्या पोरीबाळी माझ्याकडे मापं द्यायला येऊ लागल्या. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि खरं सांगते, मला ती खुपली. पोरी माझ्याकडे यायच्या, माप द्यायच्या आणि निघून जायच्या. आपाकडे मात्र बोलायच्या. बांगडी भरताना हात दुसऱ्याच्या हातात असतो, मान खाली असते, तोंडाकडे कोणी बघत नाही... आणि मग पोरगी जे आईला सांगत नाही ते बांगडीवालीला सांगते. मला वाटायचं, ही बाई घराघरातल्या बातम्या गोळा करते. कशासाठी करते? कोणाला नेऊन देते? मी एकदा तिला तसं आडून विचारलंही. ती म्हणाली, "मना पोटमा विहीर शे. पडनं ते पडनं." मी मनात म्हटलं, विहिरीचं पाणीही कधी ना कधी वर येतंच.

आमच्या गल्लीतून बसथांब्याकडे जाणारा रस्ता एकच. वाटेत चौक, चौकात पानटपरी, टपरीला टेकलेल्या दुचाक्या. तिथं काय चालायचं ते नव्यानं सांगायला नको, वाचणाऱ्या प्रत्येक बाईच्या गावात तो चौक आहे. शिट्टी, कॉमेंट, गाडी अंगावर घातल्यासारखी करून वळवणं, ओढणी ओढणं. पोरी घरी सांगायच्या नाहीत. सांगितलं की काय होतं ते आम्ही पाहिलेलं. आमच्याच गल्लीत एकीनं सांगितलं. पोरगी हुशार, बारावीला चांगले मार्क. वडील चौकात जाऊन भांडून आले, काकांनी मिशीला पीळ भरला, आणि दोन महिन्यांत पोरीचं लग्न लावून टाकलं. 'नको ती ब्याद' म्हणून. ज्यानं छेड काढली तो टपरीवर, आणि जिची काढली ती पहूरला, सासूच्या हाताखाली. तिचा लग्नाचा चुडा आपानंच भरला. त्या दिवशी ती अजिबात गायली नाही. माझ्या ओसरीवर पाणी प्यायला बसली आणि नुसतं एवढंच म्हणाली, "याच हातांनी भरा मी तिले चुडा. पोर रडत नव्हती वं. रडती तर बरं व्हतं." पाण्याचा तांब्या तसाच ठेवून गेली.

आमच्या खान्देशात चुडा भरायच्या वेळी बाया वरपक्षाला नावं ठेवणारी गाणी म्हणतात. नवरदेवाचा मामा ढेरपोट्या, विहीणबाई चोरटी, करवल्यांना सुपारी कातरता येत नाही, असली. आपाच्या मोहल्ल्यातही ढोलक घेऊन असंच चालतं. दोन्हीकडे रीत एक. गाण्यात माणसाचं नाव येत नाही, फक्त खुणा येतात, आणि ज्याच्यावर गाणं असतं त्यानं हसून घ्यायचं. जो चिडला त्यानं गाणं अंगावर घेतलं. ज्यानं अंगावर घेतलं, त्याचं ते गाणं. मग ते त्याला जन्मभर चिकटतं. आपानं ही मांडवातली रीत उचलली आणि चौकात नेऊन ठेवली.

एका सकाळी मी पडद्याआडून पाहिलं, कॉलेजला जाणाऱ्या पोरी नेहमीसारख्या एकेकट्या, माना खाली घालून न जाता घोळक्यानं निघाल्या होत्या. माझी कल्याणीही त्यात. चौक आला तसं त्यांनी दोन्ही मनगटं एकमेकींवर वाजवायला सुरुवात केली. आपानं भरलेल्या काचेच्या बांगड्या, त्यांचा तो किणकिणता ठेका, आणि त्यावर गाणं...

टपरीवर कोन वं बसनं, कोन वं बसनं?
मायनी धाडं दयनले, आठेच फसनं.

आईनं दळण आणायला धाडलं आणि गडी टपरीवरच अडकला, एवढंच. नाव नाही, शिवी नाही. पण त्या टोळक्यात एकाच्या गाडीला खरंच दळणाचा डबा लटकत होता. पहिल्या दिवशी पोरांनी टाळ्या दिल्या, मोबाइलवर शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी गिरणीवर उभ्या असलेल्या बाया तेच गाणं म्हणत होत्या. मग ते त्या पोराच्या आईच्या कानावर गेलं. ती माउली हातात चप्पल घेऊन निघाली तेव्हा मला वाटलं, आता आपाचं काही खरं नाही. पण ती गेली सरळ टपरीवर. पोरगं चिडून ओरडलं, "मी काही केलं नाही," आणि गाणं त्याच्या अंगाला कायमचं लागलं.

मला हे सगळं पटत होतं असं समजू नका. मी आपाला धरलं. म्हटलं, "उद्या पोरींवर शेकलं तर? तू बांगड्या विकून घरी जाशील, भोगायचं आम्हाला." म्हटलं, "टपरी रिकामी झाली म्हणजे ते सुधारले का? पुढच्या चौकात गेले असतील." ती शांतपणे पिशवी आवरत होती. म्हणाली, "मंग त्या चौकनं गानं करू." तिचे नियम पक्के होते. एक, गाणं कोणत्या पोरीसाठी आहे ते कोणालाही सांगायचं नाही, आणि ते म्हणायचं मात्र सगळ्यांनी. दुसरा, ज्याच्या घरचा माणूस, त्याच्या घरच्या बायांनी गाणं उचलायचं. तिच्या मोहल्ल्यातला पोरगा असला तर तिथल्या बाया आधी तोंड उघडणार, आमच्यातला असला तर आम्ही. "नाही तर दुसऱ्याच दिवशी त्याचं भलतंच होईल," म्हणायची. ह्या एका गोष्टीत मात्र मला तिच्यावर संशय घेता आला नाही. आपलं शहर मला माहीत आहे.

आणि मग एक दिवस ती माझ्या मशीनपाशी येऊन बसली. बांगड्यांची पिशवी उघडली नाही. मी विचारलं, "काय आपा?" ती म्हणाली, "आते एक गानं शे. तुले उचलनं पडी." मी हसत म्हटलं, "आमच्या घरचा कोण टपरीवर बसतो?" ती हसली नाही. म्हणाली, "टपरीवर नही. ओटावर."

ओटा म्हणजे नानांचा. आमच्या थोरल्या दिरांचं घर गल्लीच्या तोंडाशी, पुढं पिवळा रंग दिलेला लांब ओटा, आणि त्यावर नाना सकाळ-संध्याकाळ पेपर घेऊन बसलेले. गल्लीची पंचायत तिथंच. कोणाची पोरगी किती वाजता आली, कोणाची ओढणी कशी होती, कोणाला पुढं शिकवायचं आणि कोणाचं थांबवायचं, सगळं त्या ओट्यावरून ठरायचं. कल्याणीला धुळ्याला नर्सिंगला पाठवायचं मनात होतं, त्याला सगळ्यात मोठा विरोधही नानांचाच. "एकटी पोर परगावी ठेवायची म्हणजे विस्तवाशी खेळ," असं ते ह्यांना रोज सांगायचे. मी चौकातल्या प्रत्येक पोरावर डोळा ठेवून होते. शेंबड्या पोरांवरसुद्धा. पण ओट्याकडे माझी नजर गेली नव्हती, कारण ओट्यासमोरून जाताना आम्ही डोक्यावर पदर घेऊन मान खाली घालायचो. मान खाली असल्यावर माणसाला काय दिसणार?

पोरी येता-जाता नाना हाक मारायचे. "ये गं, अभ्यास कसा चाललाय?" पाठीवर हात ठेवायचे. हात मग तिथं राहायचा नाही. आपानं एवढंच सांगितलं, आणि तेही भिंतीकडे बघत. पहिला प्रश्न मी तोच विचारला जो कोणत्याही आईनं विचारला असता. "कोणती पोरगी?" आपानं पिशवी जवळ ओढली. "आपा, माझी आहे का?" ती म्हणाली, "मी सांगाव नही." मी तिचे हात धरले, मग पाय धरायला वाकले. ती मागं सरकली. म्हणाली, "गानामा पोरनं नाव उनं का गानं मरस. तुले बठ्ठं कशाले पाहिजे? तुले गानं पाहिजे." म्हणजे गाण्यात पोरीचं नाव आलं की गाणं मरतं, तुला सगळं कशाला हवं. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू. माझी पोर, आणि खरं काय ते ह्या बांगडीवालीच्या पोटात. मी तिला ओसरीवरून जा म्हणून सांगितलं. ती गेली. जाताना ओळी तेवढ्या ठेवून गेली.

त्यानंतरचे दिवस मी कल्याणीवर पाळतच ठेवली म्हणा ना. ती जेवताना बघ, झोपताना बघ, ओट्यावरून जाताना पावलं भराभर पडतात का बघ. पडत होती. पण सगळ्याच पोरींची पडत होती. एकदा विचारलंही, "नाना काही बोलतात का गं?" ती म्हणाली, "अभ्यासाचं विचारतात." तोंडावर काही नाही. मी ह्यांना सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर एक तर भावाभावांत मारामारी झाली असती, नाही तर दुसऱ्या महिन्यात कल्याणीला बघायला पाहुणे आले असते. आणि ह्यांचा स्वभाव पाहता पाहुणेच आले असते. पहूरला गेलेली ती पोर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

गल्लीत एकीचा चुडा होता. मांडव दारातच. आपा मध्ये बसलेली, भोवती बाया, हिरव्या बांगड्यांचे डबे उघडे, आणि कडेला खुर्ची टाकून वडीलधारे म्हणून नाना. नेहमीची गाणी झाली. नवरदेवाच्या मामाची ढेरी झाली, विहीणबाईची चोरी झाली. मग आपानं रिकामा डबा पालथा घातला, त्यावर बोटांनी ठेका धरला आणि माझ्याकडे बघितलं. सासरच्या थोरल्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचीही नाही. पण नाव कुठं घ्यायचं होतं? मी डोळे मिटले आणि म्हटलं...

पिवळ्या ओट्याला बाई डोळे कसे फुटले,
जात्या-येत्या पोरींना मोजत बसले.

माझा आवाज काही गाण्याचा नाही. फाटला मध्येच. दुसरी बाई उचलीना. आपाची बोटं डब्यावर चालूच होती. मी तीच ओळ परत म्हटली. तेवढ्यात मागं खुर्ची पडल्याचा आवाज झाला. नाना उभे राहिले होते. "कोणाला म्हणतेस? माझ्या तोंडावर मला बोलतेस?" त्यांनी ओळखायला हवं होतं, खान्देशात जन्म गेला त्यांचा. कोणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. हसले असते, सुपारी काढून दिली असती, तर गाणं हवेत गेलं असतं. गल्लीत पिवळे ओटे आणखीही होते. पण त्यांनी ते अंगावर घेतलं. आणि मग जे झालं ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. नानांची बायको, माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणतो, घरात ज्यांचा आवाज भांड्यांपेक्षा मोठा कधी ऐकला नाही, त्यांनी नवरीचा हात सोडला, आपली मनगटं एकमेकींवर आपटली आणि गाणं उचललं. त्यांच्या मागून सगळ्यांनी. नाना चपला न घालताच मांडवातून गेले.

आता ह्यावर पेढे वाटले गेले असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. आमच्याशी नानांनी बोलणं टाकलं. माझ्याकडचं शिवण कमी झालं. 'मुसलमान बाई आपल्या घरात फूट पाडते' ही कुजबुज कोणी सोडली ते मला तेव्हाही ठाऊक होतं, आताही आहे. आपा वर्षभर आमच्या गल्लीत आली नाही. आणि त्याच रात्री ह्यांनी मला देवासमोर उभं केलं. समई लावलेली होती. म्हणाले, "हात ठेव आणि सांग. आपली कल्याणी आहे का ती?" कल्याणी दारात उभी. मी समईवर हात धरला आणि म्हटलं, "मला माहीत नाही. देवाची शपथ, मला कोणी सांगितलेलं नाही." आणि ते खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं. माझा आवाज हलला नाही. मी खोटं बोलले असते तर ह्यांनी ते ओळखलं असतं, वीस वर्षं संसार केलेला माणूस. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि समई शांत केली. पुढच्या महिन्यात कल्याणी धुळ्याला गेली. आपा मला नाव का सांगत नव्हती ते मला त्या समईपाशी कळलं. मी संशय घेणारी बाई. मला कळलं असतं तर माझ्या तोंडावर दिसलं असतं.

तर असा तो फलक. रुबीनाच्या घरी बसून आल्यावर मी तडक अक्कांकडे गेले. म्हटलं, "नानांना आपाचा एवढा पुळका कधीपासून? ह्यात काय डाव आहे?" अक्का गहू पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "डाव त्यांचा नही, मना. मी सांगं लावाले. तिचं नाव त्यांच्याच हातांनी गल्लीच्या तोंडाशी लागू दे म्हटलं." आपाला ओट्याचं कोणी सांगितलं असेल, ह्याचा मी इतकी वर्षं विचार करत आलेय. पोरीनं सांगितलं, की ह्या बाईनं? विचारावंसं वाटलं. अक्कांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी गव्हातले खडे वेचायला बसले.

धुळ्याच्या परतीच्या एसटीत मात्र मला राहवलं नाही. पारोळा मागं पडल्यावर मी कल्याणीला म्हटलं, "आपा गेली आता. आता तरी सांग." ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "आपा गेली, पण नाना आहेत. बाबा आहेत. उद्या परत समईवर हात ठेवायला लावतील तुला." मी म्हटलं, "म्हणजे तूच ना?" ती म्हणाली, "म्हणजे कोणीतरी." आणि माझा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली. मी रडले. एसटीत, सगळ्यांसमोर. आपा गेल्यापासून पहिल्यांदाच रडले. पोर धुळ्याच्या दवाखान्यात माणसांच्या जखमा बांधते, रात्रपाळी करते, स्वतःच्या पगारावर राहते. ती कोणीतरी असेल किंवा नसेल... मला आता कधीच कळणार नाही.

गेल्या आठवड्याची गोष्ट. मी जळगावला परत आले होते. पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी ड्रेसचं कापड घेऊन आली. उन्हानं जीव चाललेला, आणि ती म्हणते, "मावशी, बाह्या पार मनगटापर्यंत करा. आणि घट्ट नको." मी टेप तिच्या दंडाला लावला तशी ती आखडली. माझ्या जिभेवर सगळे प्रश्न आले. कोणाची गं तू? कोणी? कधीपासून? घरी माहीत आहे का? मी टेप खाली ठेवला, तिचा हात हातात घेतला आणि तिच्या तोंडाकडे न बघता मनगटाचं माप बघितल्यासारखं करत विचारलं, "कुठं?" मान खाली घालून तिनं ते ठिकाण सांगितलं. बाह्या तिला हव्या तशाच कापायला घेतल्या मी.

ती गेल्यावर मशीनवर झाकण टाकलं आणि अक्कांकडे गेले. मला ओळी जुळवता येत नाहीत. अक्का देवघरापुढं बसल्या होत्या, नाना आत झोपलेले. मी म्हटलं, "एक गाणं करायचं आहे." मला वाटलं, आता ह्या विचारतील कोणासाठी, आणि मला 'सांगणार नाही' म्हणावं लागेल. अक्कांनी पदर खोचला, दार लोटलं आणि माझ्याजवळ सरकून बसल्या. म्हणाल्या, "त्या जाग्यावर काय काय शे, ते सांग."